सह्याद्री चढल्यावर उतार का लागत नाही? मुरुड ते सातारा, १८७५

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना अडखळलो ती वाक्यं सरळ केली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज सुरुवात माफीने. 'डोंगर कसे तयार होतात' या भागात मी एक चूक केली होती. हिमालयाबद्दल बोललो ते ठीक होतं. भारताचा भूखंड आशियाला धडकला, मधला गाळ चेपला गेला, वळ्या पडल्या, म्हणून तो वली पर्वत. पण बोलण्याच्या ओघात मी पुढे असंही म्हणून गेलो, की 'आपला सह्याद्रीही असाच कधीतरी उचलला गेला'. नंतर एडिट करताना मी हे वाक्य स्वतः दोनदा ऐकलं आणि मला काहीच खटकलं नाही. बीटेक होऊन काय उपयोग!

चूक पकडली ती नववीतल्या एका मुलीने. माझं आजोळ मुरुडचं. अलिबागकडचं जंजिऱ्याचं मुरुड नव्हे, रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोलीखालचं. दिवाळीत तिथे गेलो की संध्याकाळी आजीच्या खळ्यात आसपासची पाच-सहा मुलं जमतात आणि मला भूगोलाचे प्रश्न विचारून हैराण करतात. ही मुलगी म्हणाली, "दादा, तुम्ही सह्याद्रीचं सांगितलं ते मला पटलं नाही. आम्ही एसटीने कराडला मामाकडे जातो. चिपळूणच्या पुढे घाट चढताना माझ्या कानाला दडे बसतात. वर पोचलं की वाटतं आता पलीकडे उतरायचं. पण उतरण येतच नाही. गाडी सरळ कराडपर्यंत जाते. डोंगर असेल तर दुसरी बाजू नको का?"

मी गप्प. कारण हा एकच प्रश्न नीट सोडवला की कोकणचा निम्मा भूगोल उलगडतो. आणि तो सोडवायला मुरुडइतकं चांगलं गाव नाही, कारण मुरुडचा एक मुलगा दीडशे वर्षांपूर्वी ही वाट पायी चालून गेला होता.

मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढचे महर्षी, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू करणारे, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढणारे, १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालेले. आज आपल्याला ते नकोत. आपल्याला हवा आहे १८७५ मधला सतरा वर्षांचा, अंगाने किरकोळ, सरकारी नोकरीसाठी लागणारी परीक्षा द्यायला निघालेला मुरुडचा पोरगा. परीक्षेचं केंद्र सातारा. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे १७५ किलोमीटरच्या वर. मुसळधार पावसात, सोबत्यांबरोबर, पायी. रोजचे २५ मैल धरले तरी चार दिवसांहून जास्त चाल. इतकं करून साताऱ्याला पोचल्यावर त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. का? तर ते वयाने लहान दिसत होते. सतरा वर्षांचे वाटत नव्हते, बस्स.

'आत्मवृत्त' या त्यांच्या पुस्तकात ही हकीकत आहे आणि मराठी शाळांमध्ये ती जिद्दीचा धडा म्हणून सांगतात. मीही लहानपणी तशीच ऐकली. (मी माझ्या प्रवेश परीक्षेला बाबांच्या गाडीतून गेलो होतो आणि वाटेतल्या ट्रॅफिकवर कुरकुर केली होती, हे इथे नोंदवून ठेवतो.) पण त्या संध्याकाळी मला पहिल्यांदाच वाटलं, की हा भूगोलाचाही धडा आहे. मुरुडच्या मुलाला परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत का जावं लागलं? आणि वाट एवढी अवघड का होती?

तर आधी वाट बघू. या बाजूने साताऱ्याला जायची ओळखीची वाट म्हणजे दापोली, चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण. आजची एसटी साधारण हीच वाट धरते. मी मोबाइलवर उंचीचा आलेख काढला आणि मुलांना दाखवला. मुरुड समुद्राच्या पातळीला. वाळूचा पट्टा, त्याच्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि घरं. तिथून दापोली साधारण २४० मीटर उंचीवर, जांभ्या दगडाच्या सपाट सड्यावर. मग खाड्या, ओढे, चढ-उतार करत चिपळूण, पुन्हा जवळजवळ समुद्राच्या पातळीला. भरतीचं पाणी वाशिष्ठीतून चिपळूणपर्यंत येतं. इथवर आलेखाची रेघ खालीच वळवळते.

आणि मग घाट. काही किलोमीटरांत रेघ सहाशे मीटरच्या वर जाते. घाटमाथ्यापलीकडे हेळवाक, तिथे कोयना नदी. आता गंमत बघा. हेळवाकच्या पुढे पाटण, पुढे कराड. उंची सहाशेच्या जवळपास, मग जरा कमी, साडेपाचशेच्या वर. सातारा तर सातशेच्या आसपास. म्हणजे रेघ वर गेली ती वरच राहिली. खाली आलीच नाही.

मुलीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. डोंगराला दोन बाजू असतात. सह्याद्रीला कोकणातून बघितलं तर एकच बाजू आहे. तो पठाराचा काठ आहे. टेबलाच्या कडेला जमिनीवरून मुंगी चढली तर तिला टेबल म्हणजे भिंत वाटेल. वर पोचल्यावर मात्र ती नुसती सपाटीवर चालत राहील. घाटमाथ्यावर जी शिखरं दिसतात, ती त्या टेबलावर शिल्लक राहिलेली उंच खोडं आहेत. बाजूचं झिजून गेलं, ती उरली. महाबळेश्वर-पाचगणी, कास, ही सगळी अशीच.

देशावरची माणसं 'खाली कोकणात' म्हणतात आणि कोकणातली 'वर घाटावर' म्हणतात. आजी अजून कोल्हापूर-साताऱ्याच्या माणसाला 'घाटी' म्हणते, जरा नाक मुरडूनच. भाषेला हे आधीपासून ठाऊक होतं. पाठ्यपुस्तकातल्या नकाशात मात्र सह्याद्री म्हणजे एक तपकिरी रेघ, आणि ती बघून माझ्यासारख्याला वाटतं, हिमालयाचा धाकटा भाऊ असेल.

आता पुढचा प्रश्न: हे टेबल आलं कुठून?

टेबल लाव्हाचं आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबलचक भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. चित्रात असतो तसा शंकूसारखा ज्वालामुखी डोळ्यांसमोर आणू नका. दूध उतू गेल्यावर ओट्यावर पसरतं, तसा पसरला. थंड झाला, थर बसला, मग त्याच्यावर दुसरा. असे थरांवर थर. यातला बराचसा लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर आला असं आजच्या वयमापनातून दिसतं. आपल्याला दहा लाख म्हणजे खूप वाटतं, दगडांच्या हिशोबात ती घाईच. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर शिल्लक आहे. जवळजवळ अख्खा महाराष्ट्र त्यात येतो, आणि वर गुजरात-मध्य प्रदेशाचा भागही.

हे थर पहिल्यांदा नीट बघून लिहून ठेवणाऱ्यांमध्ये एक नाव येतं विल्यम साइक्स या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याचं. १८२० च्या दशकात तो दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता. हवेचा दाब मोजून ठिकठिकाणची उंची काढायचा आणि टेकड्यांच्या पायऱ्यांसारख्या आकाराने चकित व्हायचा. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांवरून आला. घाटातून जाताना समोरच्या डोंगरकुशीकडे बघा. आडव्या रेषा दिसतात, एकावर एक. कडा, मग हिरवा उतार, पुन्हा कडा. त्या एकेका लाव्हाच्या पुराच्या खुणा.

आणि रेषा आडव्या आहेत हे लक्षात ठेवा, कारण माझी चूक तिथेच उघडी पडते. धडकेने वळ्या पडल्या असत्या तर थर वाकडेतिकडे, उभे, दुमडलेले दिसले असते. सह्याद्रीत ते वहीच्या पानांसारखे आडवे आहेत. चूक ओळखायला पुस्तक लागलं नसतं. एसटीची खिडकी पुरली असती.

थर किती जाड? कोयनेच्या भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल बोअर मारली. सुमारे १२५० मीटरपर्यंत बेसॉल्ट, आणि मग एकदम जुना ग्रॅनाइटसारखा खडक. म्हणजे लाव्हा यायच्या आधीची जमीन एवढी खाली गाडली गेली आहे.

बरं, टेबल समजलं. पण त्याला कड कशी आली, आणि ती समुद्रापासून पन्नास-साठ किलोमीटर आत का? खरी गुंतागुंत इथे आहे. यावर लोकांनी वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरं दिली.

पहिलं उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. परशुरामाने बाण सोडला, समुद्र मागे हटला, कोकण वर आलं. चिपळूणजवळच्या परशुराम मंदिराशी ही कथा जोडलेली आहे, आणि मुरुडहून घाटाकडे जाणारा माणूस त्या भागातूनच जातो. कथेला कथा म्हणून मान द्यावा. पण तिच्यामागचं निरीक्षण चोख आहे, हे मला मान्य करावं लागतं. घाटमाथ्यावर उभं राहून पश्चिमेला बघा, सगळं कोकण खाली पसरलेलं, आणि मनात येतंच, की इथे पायथ्याशी कधीतरी समुद्र असणार.

एकोणिसाव्या शतकातल्या भूशास्त्रज्ञांच्याही मनात तेच आलं होतं! सह्याद्रीचा कडा म्हणजे जुना समुद्रकडा असावा, लाटांनी तासलेला, असं मत तेव्हा मांडलं गेलं. मग दुसरं मत: किनाऱ्याला समांतर मोठा प्रस्तरभंग झाला आणि कोकण खाली घसरलं. या मताला थोडा आधार आहे. पनवेलच्या बाजूला लाव्हाचे थर समुद्राकडे वाकलेले दिसतात. किनाऱ्यापलीकडे तर जमीन खचली आहेच. मुंबई हायला तेलासाठी विहिरी खोदल्या तेव्हा समुद्रतळाच्या गाळाखाली हाच बेसॉल्ट लागला. पण खुद्द सह्याद्रीच्या कड्यापाशी मोठं तुटणं सापडत नाही. कड्यातले थर खाली कोकणाच्या थरांवर रीतसर बसलेले आहेत. कोकण घसरलेलं असतं तर तेच वरचे थर खाली पुन्हा सापडले असते.

आज बहुतेक अभ्यासक जे सांगतात ते असं. लाव्हा येऊन गेल्यावर काही काळातच, सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, भारताच्या पश्चिमेचा भूभाग फाटला आणि सेशेल्स बेटांचा तुकडा अलग झाला. आज तो मुंबईपासून हजारो किलोमीटर दूर, हिंदी महासागरात आहे. त्या बेटांवर आपल्या लाव्हाशी जुळणारे खडक सापडले आहेत. फाटलं तिथे नवा समुद्र आला, आणि पठाराला पश्चिमेकडे कड मिळाली. ती कड तेव्हा आजच्या किनाऱ्याच्या आसपास किंवा त्याहून पलीकडे होती. मग पाऊस आणि ओढे ती कुरतडत राहिले, आणि कड मागे मागे, पूर्वेकडे सरकत गेली. सरकताना तिने जो सखल पट्टा मागे सोडला, त्याला आपण कोकण म्हणतो.

मला हे पहिल्यांदा वाचताना पटलं नव्हतं. भिंत झिजली तर ती बुटकी, गोलसर व्हायला हवी, सरळसोट उभी राहून मागे कशी सरकेल? उत्तर नद्यांच्या उतारात आहे, आणि इथे थोडं गणित करू. कर्वे पुढे फर्ग्युसनमध्ये गणितच शिकवत होते, त्यांना राग येणार नाही.

कुंभार्लीच्या माथ्यावर पावसाचे दोन थेंब शेजारी पडले असं धरा. एक पश्चिमेला घरंगळला. वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत, सुमारे ७० किलोमीटर. सहाशे मीटर उतरायचे, म्हणजे किलोमीटरला साडेआठ मीटर, आणि त्यातलाही बहुतेक उतार पहिल्या काही किलोमीटरांतच. दुसरा पूर्वेला गेला. कोयना, कराडला कृष्णा, मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र, शेवटी बंगालचा उपसागर. सुमारे १३०० किलोमीटर. तेच सहाशे मीटर, पण किलोमीटरला अर्धा मीटरसुद्धा नाही. पश्चिमेच्या थेंबाच्या अंगात जोर, पूर्वेचा सुस्त. पश्चिमेचे ओढे कड्याचा पाया पोखरतात, वरचा थर ढासळतो, आणि पडलेला ढिगारा तेच ओढे वाहून नेतात. पायथ्याशी ढीग साठला असता तर उतार सौम्य झाला असता. साठूच देत नाहीत. म्हणून कडा उभाच राहतो, फक्त एक पाऊल मागे.

शिवाय पाऊसही पश्चिमेच्याच बाजूला. ढग कड्याला अडून वर चढतात, थंड होतात, बरसतात. पुस्तकातला प्रतिरोध पर्जन्य तो हाच. दापोलीला वर्षाला ३५०० मिलिमीटरच्या आसपास, महाबळेश्वरला ५५०० च्या पुढे, साताऱ्याला हजारभर, आणि आणखी पूर्वेला दहिवडीकडे ५०० च्या आसपास. चार-पाच दिवसांच्या चालीत कर्वे आणि त्यांचे सोबती या उतरत्या आकड्यांमधून गेले.

आता मला सगळ्यात आवडलेला पुरावा. तो मुरुडमध्ये घराघरात आहे: जांभा. आजीच्या घराचा चौथरा, विहिरीचं बांधकाम, गडगे, सगळं जांभ्या चिऱ्याचं. जांभा हा वेगळा लाव्हा नाही. काळ्या दगडावरच उष्ण हवेत, भरपूर पाऊस आणि मग कोरडा ऋतू असं लाखो वर्षं चाललं, की पाणी त्यातली सिलिका, कॅल्शियम धुऊन नेतं आणि लोह-ॲल्युमिनियम मागे उरतं. लोह गंजतं, म्हणून लाल. खाणीत ओला असताना तो हत्याराने कापता येतो, उघड्यावर सुकला की टणक होतो. फ्रान्सिस ब्युकॅनन याने केरळात हे बघून १८०७ मध्ये त्याला लॅटेराइट नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. आपल्या चिरेखाणवाल्याला त्याआधीच माहीत होतं.

मुद्दा हा, की असा जाड जांभा उभ्या कड्यावर तयार होत नाही. त्याला पाणी मुरायला सपाट जमीन लागते. आणि जांभा आपल्याला दोन ठिकाणी मिळतो. एक वर, पाचगणीच्या टेबल लँडवर आणि साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर, बाराशे-तेराशे मीटर उंचीवर. दुसरा खाली, दापोली-रत्नागिरीच्या सड्यांवर, शे-दोनशे मीटरवर. दगड हातात घेतला तर सारखाच. पण वरचा जांभा मूळ पठाराच्या माथ्यावरचा, जुना. खालचा कितीतरी नंतरचा, कड मागे सरकून जी नवी सपाटी तयार झाली तिच्यावरचा. दोन्हींच्या मधला हजार मीटर जाडीचा दगड गेला कुठे? धुऊन समुद्रात. माईक विडोसन या अभ्यासकाने १९९० च्या दशकात या दोन जांभ्यांचा धागा धरून पठाराच्या झिजेचा इतिहास मांडला. मी मुलांना म्हटलं, मुरुडहून निघालेले कर्वे एका जांभ्यावरून चालायला लागले आणि दुसऱ्या जांभ्याच्या पायथ्याशी पोचले. मधला प्रवास म्हणजे गायब झालेल्या दगडाच्या पोकळीतला प्रवास.

यावर एक मुलगा म्हणाला, "मग आमच्या विहिरी मे महिन्यात आटतात त्या याच्यामुळेच?" बरोबर. जांभा स्पंजासारखा सच्छिद्र, पाणी मुरतं आणि सड्याच्या कडेने झिरपून जातं. नद्या आखूड आणि घाईच्या. साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या तालुक्यात उन्हाळ्यात वाड्या-वस्त्यांवर टँकर लागतो, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

आता परत १८७५ कडे. कोकणातला मुलगा नोकरीच्या परीक्षेमागे का लागायचा, याचंही उत्तर याच पट्ट्यात आहे. मुरुडचेच विश्वनाथ नारायण मंडलिक, जन्म १८३३, मुंबईतले नामांकित वकील. मुरुड गाव कसं वसलं याची माहिती देणाऱ्या एका जुन्या कागदावर त्यांनी १८६० च्या दशकात रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबईच्या नियतकालिकात निबंध लिहिला होता. एवढ्याशा गावाला असा इतिहासकार मिळणं हे नशीबच. त्या गावाची जमीन बघितली तर पुढे समुद्र, मागे सडा, मध्ये वाड्यांचा अरुंद पट्टा. सड्यावर माती बोटभर. भात पिकायचं ते खाचरांत, तेवढ्यावर वाढती कुटुंबं पोसायची नाहीत. म्हणून मंडलिक मुंबईला, कर्वेही शेवटी मुंबईला. १८८१ मध्ये मॅट्रिक, मग एल्फिन्स्टन कॉलेज. माझे मामा मुंबईला आणि मी पुण्याला, त्यालाही तेच कारण.

बाहेर पडायच्या वाटा दोनच. समुद्राची वाट उन्हाळा-हिवाळ्यात बरी, पावसाळ्यात खवळलेल्या दर्यामुळे बंद. उरते घाटाची. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण धावायला लागली, पण तीसुद्धा कड्याला समांतर जाते. चिपळूण-कराड रेल्वेची चर्चा पुष्कळ झाली, रूळ अजून पडलेले नाहीत.

पण एक सांगू? ही हकीकत मी आता सांगतो तेव्हा सगळा दोष सह्याद्रीवर ढकलत नाही. कड्याने कर्व्यांना अडवलं नव्हतं. ते तो चढून गेले. अडवलं ते टेबलामागे बसलेल्या, चेहऱ्यावरून वय ठरवणाऱ्या माणसाने. मुलांना हा भाग सगळ्यात जास्त लागला. "त्यांनी जन्मतारीख विचारली नाही?" असं एकाने दोनदा विचारलं.

तो पाणी-उताराचा हिशोब नंतर इंजिनिअरांनीही केला. पूर्वेला सुस्त वाहणारी कोयना अडवली आणि तिचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला, पोफळीला, सुमारे ४७५ मीटर खाली सोडलं. १९६२ पासून त्यावर वीज तयार होते, आणि वीज झाल्यावर ते पाणी वाशिष्ठीला मिळतं. म्हणजे बंगालच्या उपसागराला जाणारा थेंब आपण अरबी समुद्राकडे वळवला. कड्याच्या उंचीला महाराष्ट्राने कामाला लावलं. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे त्याच कोयनेला भूकंप झाला, जवळपास २०० माणसं गेली. धरणाच्या पाण्याचा आणि तिथल्या भूकंपांचा संबंध हा जगभर अभ्यासला गेलेला विषय आहे, आणि ती तीन किलोमीटरची बोअर त्याचसाठी होती. त्यावर स्वतंत्र भाग करीन, नाहीतर आजचा संपायचा नाही.

शेवटी त्या मुलीचा दुसरा प्रश्न. "दादा, भिंत अजून सरकतेय?"

सरकतेय. २२ जुलै २०२१ च्या रात्री आसपास जो पाऊस झाला त्यात खाली चिपळूण बुडालं आणि वर पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या, घरं गाडली गेली, माणसं गेली. ओढे पोखरतात, वरचं ढासळतं असं मघाशी म्हटलं, ते असं घडतं. वर्षानुवर्षं काही नाही, आणि मग एका रात्रीत.

"मग कर्वे गेले तेव्हा घाट आपल्याला थोडा जवळ असेल?"

मी हिशोब केला. पन्नास किलोमीटर, सहा कोटी वर्षं. सरासरी वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा नाही. दीडशे वर्षांत साडेबारा सेंटिमीटर. अर्थात ही नुसती सरासरी, कडा काही रोज नेमाने सरकत नाही.

तिने बोटं ताणून अंगणातल्या चिऱ्यावर मोजून बघितलं. "म्हणजे अर्धी वीत," ती म्हणाली, "तेवढं त्यांना कमी चालायला लागलं."